निवेदक बंद करून पाहिलेली फिल्म

निर्लेखन समितीवर, म्हणजे मोडकं सामान नोंदवहीतून कमी करणाऱ्या समितीवर, नाव लागणं ही कॉलेजात बिनपगारी शिक्षा असते. डेडस्टॉक रजिस्टर उघडायचं, जुन्या शाईतल्या नोंदी वाचत एकेक नग हुडकायचा, पुढे 'दुरुस्तीयोग्य नाही' असा शेरा मारायचा आणि भंगारवाल्यांकडून कोटेशनं मागवायची. मी फिजिक्स शिकवते, म्हणून आमच्या विभागाचं हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मोडके गॅल्व्हनोमीटर, काच फुटलेले बॅरोमीटर, पाय गेलेली स्टुलं असं सगळं जिन्याखालच्या खोलीत कोंबलेलं होतं. एप्रिल महिन्यात नागपुरात जिन्याखालची बंद खोली म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको.

रजिस्टरमध्ये एक नोंद होती : 'सिनेमा प्रोजेक्टर 16 एम.एम., ट्रान्सफॉर्मरसह, नग 1.' तो सापडला. बेल अँड हॉवेलचा, करड्या पेटीतला, एका माणसाला जेमतेम उचलेल असा. सोबत 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, तो आणखी जड. आणि पेटीच्या मागे पत्र्याचे दोन गोल डबे, ज्यांची रजिस्टरमध्ये नोंदच नव्हती. एका डब्यावरच्या कागदी लेबलचा निम्मा भाग कसरीने खाल्लेला. उरलेल्या भागात एवढंच वाचता येत होतं : 'फिल्म्स डिव्हिजन, भारत सरकार', आणि खाली 'हिंदी'.

नोंद नसलेल्या वस्तूचं निर्लेखन करता येत नाही. सरकारी नियमांनी माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. डबे मी विभागात घेऊन आले.

डबे उघडायचे कसे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आमच्या लॅब असिस्टंटने एका काकाजींना आणलं. बर्डीवरच्या आणि सदरमधल्या टॉकीजमध्ये त्यांनी आयुष्यभर ऑपरेटरचं काम केलेलं. कार्बनच्या काड्या जाळून पडद्यावर उजेड पाडायचे तेव्हापासूनचा अनुभव. त्यांची सगळी हयात 35 एम.एम.वर गेली, 16 एम.एम.ला ते 'शाळेची फिल्म' म्हणत. आले, खुर्चीवर बसले, डब्याचं झाकण जरासं उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, आधी वास घ्या. आंबट वास आला का समजा फिल्म मरून राहिली."

पहिल्या डब्याला धुळीचा आणि जुन्या पुस्तकाचा वास होता. दुसरा उघडला आणि आम्ही दोघंही मागे सरकलो. लोणच्याच्या बरणीत नाक घालावं तसा भपकारा. सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर छापलेल्या फिल्मचं हे ठरलेलं मरण आहे. उष्णता आणि ओल मिळाली की पट्टीतून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटायला लागतं, आणि सुटलेलं अ‍ॅसिडच पुढच्या विघटनाला हातभार लावतं. म्हणजे रोग एकदा लागला की स्वतःच वेग घेतो. शेजारच्या फिल्मलाही लागतो. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा, दोन्ही याला अगदी पोषक. केमिस्ट्रीच्या मॅडमनी ब्रोमोक्रेसॉल ग्रीनमध्ये, म्हणजे अ‍ॅसिड लागलं की निळ्याचा पिवळा होणाऱ्या रंगात, बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या करून दिल्या. त्या डब्यात एक दिवस ठेवायच्या. चांगल्या डब्यातली निळीच राहिली. दुसऱ्या डब्यातली पिवळी पडली. तो डबा आम्ही दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला. आतलं रीळ वाळल्या सालीसारखं वळलेलं होतं, ते प्रोजेक्टरवर चढणार नाही हे काकाजींनी बघताक्षणी सांगितलं.

चांगल्या रिळावरही लगेच भरवसा ठेवायचा नव्हता. जुनी फिल्म आकसते. आकसली की तिच्या कडेची भोकं आणि प्रोजेक्टरच्या चाकाचे दाते जुळत नाहीत, आणि भोकं फाटत जातात. इथे मात्र माझं शास्त्र कामी आलं. 16 एम.एम. प्रिंटवर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत 7.62 मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे 100 चित्रं 762 मिलिमीटरमध्ये बसायला हवीत. फर्स्ट इयरच्या मुलांना मीटरपट्टी देऊन मोजायला बसवलं. 757 आलं. पाऊण टक्क्याहून कमी आकुंचन. एक टक्क्याच्या पुढे गेलं असतं तर प्रोजेक्टरचा विचार सोडून द्यावा लागला असता. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये न बसणारं हे माप मुलांनी ज्या काळजीने घेतलं, तशी ती व्हर्नियरचं वाचन कधी घेत नाहीत!

मग आलं खरं काम : रीळ हाताने एका स्पूलवरून दुसऱ्यावर गुंडाळत इंच इंच तपासणं. काकाजी सुती कापडाच्या दोन बोटांच्या चिमटीतून पट्टी सोडत. फाटलेलं भोक कापडाला अडकतं, मग थांबायचं. जुने जोड निघून आले होते. पूर्वी जोड सिमेंटने लावायचे. एका टोकाचा चित्राचा थर ब्लेडने खरवडायचा, सिमेंट लावायचं, वर दुसरं टोक दाबायचं. काकाजींनी सिमेंट मागितलं, ते कुठे मिळेना. शेवटी मुंबईहून स्प्लायसिंग टेप मागवली. प्रत्येक जोडाला एखाद-दुसरं चित्र जातंच, पण काकाजी तेवढंही टाकू देत नसत. काढलेली चित्रं त्यांनी पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहून ठेवली. "तुमी प्रोफेसर लोकं, सांबाळून ठेवा," म्हणाले.

ट्यूबलाइटवर पांढरा कागद लावून आम्ही पट्टी पाहायचो, त्यामुळे पडद्यावर जाण्याआधीच फिल्म मला जवळजवळ पाठ झाली होती. एक फूट पट्टीत 40 चित्रं, सेकंदाला 24 धावतात. झाडाखाली बसलेली माणसं. पॅन्ट-हॅटमधला एक तरुण अधिकारी काडीने जमिनीवर रस्त्याची आखणी दाखवतोय. मग कुदळी, फावडी, डोक्यावर माती वाहणाऱ्या बायांची रांग. बैलगाडी चिखलात रुतलेली. शेवटी नव्या रस्त्यावरून जीप. आणि मधेच एक म्हातारी : डोक्यावरचं घमेलं खाली ठेवते, पदर सारखा करते, थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि काहीतरी बोलते. मी चित्रं मोजली, दोन सेकंदसुद्धा भरत नव्हती.

फिल्मचं नाव कळायला मार्ग नव्हता, कारण सुरुवातीचा भाग गेलेला. पण काळ काढता येतो. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हं असतात, ती वर्षं सांगतात. फक्त दर वीस वर्षांनी तीच फिरून येतात, म्हणून आतल्या चित्रांशी ताडून पाहावं लागतं. आमच्या फिल्ममध्ये एका दुकानाच्या फळीवर भाव आण्यांत लिहिलेले दिसत होते. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. समूह विकास योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1952 ला, 55 प्रकल्पांनिशी. खेड्यात श्रमदानाचे रस्ते आणि आखणी करून देणारे पॅन्टवाले अधिकारी हा त्याच योजनेचा काळ. तेव्हा फिल्म या दोन तारखांच्या मधली असावी. त्यातली बहुतेक वर्षं आमचं नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हे सांगितलं की मुलं अजूनही दचकतात.

एवढी जुनी सरकारी फिल्म कॉलेजात कशी आली, याचं काकाजींना नवल नव्हतं. "तवा सगळीकडंच दाखवत होते," ते म्हणाले. खरंच होतं. फिल्म्स डिव्हिजन, सरकारचं माहितीपट काढणारं खातं, 1948 मध्ये सुरू झालं. पुढे 1953 मध्ये पंचवार्षिक योजनेच्या प्रचारासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली, गाड्यांतून प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन खेडोपाडी फिरणारी. शहरात टॉकीजवाल्यांना तर सुटकाच नव्हती. प्रत्येक खेळाला सरकारमान्य फिल्म दाखवणं लायसन्सच्या अटींत होतं, आणि वर तिचं भाडंही टॉकीजनेच द्यायचं, आठवड्याच्या निव्वळ गल्ल्याच्या एक टक्क्यापर्यंत.

"आमाले लावाच लागे," काकाजी म्हणाले. "लायसनचा मामला होता. अन् पब्लिक काय करे? त्या टाइमाले पानठेल्यावर उभी राहे. पिच्चर सुरू होते वेळी आत ये. मीच एकटा पूर्ण पाहत होतो, फोकस सांबाळाले."

म्हणजे देशातला सर्वांत सक्तीचा प्रेक्षक ऑपरेटर होता. त्यांना त्या फिल्म्स किती लक्षात होत्या, याचा मला नंतर प्रत्यय आला.

प्रोजेक्टरचे रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झाले होते, ते शिलाई मशीनच्या पट्ट्यांवर भागवले. मुख्य दिवा शाबूत होता. नव्हता तो आवाजाचा दिवा. या फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारी, एका बारीक नागमोडी पारदर्शक रेघेच्या रूपात छापलेला असतो. एक छोटा दिवा अरुंद फटीतून त्या रेघेवर प्रकाश टाकतो, रेघेची रुंदी कमीजास्त होते तसा पलीकडच्या फोटोसेलवर पडणारा उजेड कमीजास्त होतो, आणि त्याचाच आवाज बनतो. बीएस्सीच्या पुस्तकात फोटोइलेक्ट्रिक परिणामाच्या उपयोगांत हे एका ओळीत येतं. मी ती ओळ वर्षानुवर्षं शिकवत आले, दाखवली कधी नव्हती. दिवा मिळेपर्यंत थांबायला मुलं तयार नव्हती. म्हणून पहिला खेळ मुका झाला.

उन्हामुळे दुपारी कोणी येईना, सकाळी सातला लॅबच्या खिडक्यांना काळे कागद लावले. पंखे बंद करावे लागले, पट्टी हलते म्हणून. वीसेक मुलं, दोन शिपाई, मी, काकाजी. अकरा मिनिटांच्या आतबाहेर फिल्म. प्रोजेक्टरची खडखड सोडली तर काही आवाज नाही.

मुलं बोलत होती. "बघ, त्याच्या पायात काहीच नाही." "ती बाई किती वेळा माती टाकते." "हा अधिकारी शहरातला दिसतो, त्याला उकिडवं बसता येत नाहीये." म्हातारीने कॅमेऱ्याकडे पाहिलं तेव्हा दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "काय म्हणतेय?" कोणीतरी पाठीमागून ओरडलं, "पुन्हा लावा." कॅमेरामन उत्तम होता, त्यात शंका नाही. मातीच्या उडालेल्या धुळीतून उन्हाचे पट्टे, रांगेतल्या बायांच्या सावल्या रस्त्यावर तिरक्या. ही माणसं काहीतरी शोधायला कॅमेरा घेऊन गेली होती असं वाटत होतं.

दिव्याचा प्रश्न एका विद्यार्थ्याने स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब बसवून सोडवला. त्याची तार फटीच्या बरोबर समोर येईपर्यंत सरकवणं, हेच खरं कसब. त्याला घरच्या ए.सी.वर चालवला तर शंभर हर्ट्झची घरघर ऐकू येते, म्हणून प्रयोगशाळेतला डी.सी. सप्लाय जोडला. आणि एकदाचा आवाज आला. बुलंद, घोटीव हिंदी आवाज, मागे व्हायोलिनांचा ताफा.

दुसऱ्या खेळात कोणी बोललं नाही. बोलायला जागाच नव्हती. पडद्यावर जे दिसतंय त्याचा अर्थ निवेदक आधीच सांगून मोकळा होत होता. रुतलेली बैलगाडी म्हणजे काल, जीप म्हणजे उद्या. शेतकरी खूश आहेत, हे त्याने सांगितलं म्हणून खूश दिसायला लागले. आणि ती म्हातारी बोलते त्या दोन सेकंदांवर उत्पादनवाढीचं एक वाक्य होतं. ती काय बोलते हा प्रश्न मुलांच्या मनात या वेळी आलाच नाही. मी नंतर विचारलं तेव्हा दोघांना ती दिसल्याचंही आठवेना, परवा याच मुलांनी 'पुन्हा लावा' म्हटलं होतं.

मी काकाजींना म्हटलं, आवाज नसताना फिल्म बरी होती. ते म्हणाले, "मी टॉकीजमंदी आवाज कमी करूनच ठेवत होतो. मॅनेजर खाली गेला का."

या आवाजाची चीड येते, पण त्याची कारणं समजून घेतल्यावर थोडी निवते. तेव्हाचे आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे अवजड होते, त्यांना वीज लागे, सोबत सामानाची गाडी लागे. खेड्यात ना वीज ना गाडी जाईल असा रस्ता. रस्त्यावरचीच तर फिल्म! शिवाय एकच फिल्म इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा भाषांत काढायची होती. माणसं पडद्यावर बोलली तर प्रत्येक भाषेत त्यांचं काय करायचं? खाली अक्षरं टाकावीत तर वाचणार कोण? बोलणाऱ्यांना मुकं करून वर एक निवेदन चढवलं की प्रत्येक भाषेत फक्त तेवढाच पट्टा बदलायचा. सोयीचं होतं, स्वस्त होतं.

दुसरं कारण जास्त बोचणारं. हा घोटीव आवाज स्वतंत्र भारताने तयार केलेला नव्हता. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने 1943 मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' काढलं होतं : सैन्यभरती, धान्य, एकजूट, सगळं छान चाललंय. 1946 मध्ये ते बंद पडलं, त्यामुळे 15 ऑगस्ट 1947 ला देशाकडे स्वतःचं फिल्म खातंच नव्हतं. 1948 मध्ये नवं खातं उभं राहिलं ते अर्थातच ज्यांना काम येत होतं अशा माणसांच्या भरवशावर. युद्धकाळात त्या जुन्या खात्याची धुरा सांभाळणारे एज्रा मीर पुढे फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य निर्माते झाले. माणसं कसबी होती, पण प्रजेशी बोलण्याची जी पट्टी घशाला बसली होती ती नागरिकांशी बोलतानाही तशीच लागली. माझं हे मत काहींना कडवट वाटेल. पण कॅमेरा आणि निवेदन यांत तेव्हा दोन वेगळी सरकारं काम करत होती, असं मला ती फिल्म हाताळून वाटतं. कॅमेरा नव्या देशाचा होता.

पट्टी जोडलेल्या जागी एक गंमत कळते, ती सांगायला हवी. 16 एम.एम.मध्ये चित्र आणि त्याचा आवाज शेजारी छापलेले नसतात. आवाज 26 चित्रं पुढे असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी आणि आवाजाचा दिवा वेगवेगळ्या जागी आहेत. त्यामुळे जोड आला की आधी चित्राला धक्का बसतो आणि सेकंदभराने आवाजाला. आमच्या फिल्ममध्ये म्हातारीच्या चित्राआधी असाच एक जोड होता. ती पदर सारखा करते आणि नेमका तिथे निवेदक अडखळतो, अर्धा शब्द गिळतो. मुलांना हा क्षण फार आवडला. त्यांनी तो मोबाइलवर टिपला. पांढऱ्या कार्डावर प्रतिमा पाडून, मोबाइल 24 फ्रेम्सवर लावून, नाहीतर काळे पट्टे फिरत राहतात.

सुरुवातीपासून मुलांचा आग्रह होता की हे गाव आपल्या विदर्भातलंच आहे. एकाने तर रामटेकची टेकडीही ओळखली. पण नारळाची झाडं दिसत होती आणि बायांचं लुगडं नेसणं वेगळं होतं. निवेदक अकरा मिनिटांत गावाचं नाव एकदाही घेत नाही. त्याच्या लेखी ते सगळ्या भारताचं एक गाव. उत्तर मिळालं ते एका दुकानाच्या पाटीमुळे. पाटी तिरकी, क्षणभरच दिसणारी, गोल गोल अक्षरांची. अकाउंट सेक्शनमधले आमचे सीनियर क्लार्क मूळचे तेलुगू. त्यांना ते एक चित्र मोठं करून दाखवलं, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सहकारी संघम्. वर गावाचं नाव आहे, पण खांबाआड गेलंय. शेवटचं अक्षर 'डु' दिसतंय."

तेलुगूत 'डु'ने संपणारी गावं किती, ते आम्ही मोजायला गेलो नाही. क्लार्कांनीच क्लिप नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. आठवडाभरात गुंटूर आणि नेल्लोर जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या गावांनी तिच्यावर हक्क सांगितला. एका गावाने देवळाचा कळस ओळखला, दुसऱ्याने डोंगराची सोंड. कुदळ मारणारा एक उघडा तरुण दोन घराण्यांनी आपापला आजोबा म्हणून ओळखलाय, आणि दोन्हीकडून फोटोची मागणी आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी मी रिळाची माहिती भरून ठेवली आहे : लांबी, आकुंचन, जोडांच्या जागा, वासाची चाचणी, आणि पाकिटातली सुटी चित्रं. आंबट डबाही आहे तसा सोबत जाईल. त्यातलं काही सोडवता येईल का ते तिथली माणसं बघतील. कॉलेजात मात्र आधी हे रीळ रजिस्टरवर चढवावं लागेल, कारण जे आमचं नाही ते आम्ही कोणाला देऊ शकत नाही. क्लार्कांनी दोन्ही घराण्यांना त्या तरुणाचा फोटो पाठवायचं कबूल केलंय. खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते ठरेना, म्हणून शेवटी त्यांनीच धरमपेठेतल्या स्टुडिओतून स्वतःच्या पैशाने दोन प्रती काढून आणल्या. तिसरी काकाजींनी मागून घेतली, म्हातारीची.